दारातले प्रश्न आणि नोंदीतले प्रश्न

अमेरिकेत 2021 साली एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचं प्रमाण 69.9 होतं, गोऱ्या मातांचं 26.6. तिथे मृत्यूच्या दाखल्यावर वंशाची नोंद असते, म्हणून हे आकडे दर वर्षी छापून येतात आणि त्यांच्यावरून भांडता येतं. आपल्याकडे नमुना नोंदणी पद्धतीची पत्रिका निघते. तिच्यात 2018-20 या काळासाठी देशाचं प्रमाण 97 आहे, केरळचं 19, महाराष्ट्राचं 33, राजस्थानचं 113, हरियाणाचं 110 आणि उत्तर प्रदेशाचं 167. यांतल्या शेवटच्या तीन राज्यांचे जिल्हे आणि दिल्ली मिळून राष्ट्रीय राजधानी क्षेत्र होतं. खुद्द दिल्लीसाठी त्या पत्रिकेत वेगळी ओळ नाही आणि जातीची किंवा धर्माची ओळ तर कुठल्याच राज्यापुढे नाही. वंशभेद हा शब्द आपण परदेशाच्या बातम्यांसाठी राखून ठेवला आहे. पण जन्मावरून ठरलेल्या ओळखीमुळे एखाद्या बाईचं बाळंतपण जास्त धोक्याचं होतं का, हा प्रश्न दिल्लीलाही तितकाच लागू आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर ‘होतं’ असंच आहे. याला हरकत घेणारी एक भूमिका आहे. आरोग्य खात्यात, इस्पितळांच्या प्रशासनात आणि सुशिक्षित मराठी घरांतही ती मनापासून मांडली जाते. तिला आपल्या जुन्या वादपद्धतीप्रमाणे पूर्वपक्ष म्हणतो आणि तिचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकवतो.

पूर्वपक्ष: “तुम्ही अमेरिकेचा चष्मा दिल्लीवर चढवताय. तिथे गुलामगिरीचा इतिहास आहे, इथे गरिबी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिल्लीतली शंभरातली जवळपास 92 बाळंतपणं दवाखान्यात झाली. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. कुठल्याही लेबर रूमच्या दारात कोणी जात विचारत नाही. उपाशी, रक्त कमी असलेली, उशिरा आलेली बाई जास्त धोक्यात असते, मग ती कोणत्याही जातीची असो. गरिबी हटवा, खाटा वाढवा, परिचारिका भरा. फरक आपोआप मिटेल. जातीचा विषय काढून तुम्ही ज्या डॉक्टर मुली सलग छत्तीस तास उभ्या राहतात त्यांच्यावर संशय घेताय.”

छत्तीस तासांबद्दल दुमत नाही, आणि खाटा वाढवायलाच हव्यात. पण ‘गरिबी हटली की फरक मिटेल’ हे विधान तपासून पाहता येतं आणि तपासलंही गेलं आहे. संगीता व्यास, पायल हाठी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांच्या वार्षिक आरोग्य पाहणीवरून केलेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी आणि मुस्लिमांचं सुमारे एक वर्ष कमी, असं त्यांना दिसलं. घरच्या आर्थिक स्थितीतला फरक हिशेबात धरला तरी या दरीचा निम्म्याहून कमी भाग त्याने समजावता येतो. हे आकडे एकूण आयुर्मानाचे आहेत, बाळंतपणाचे नाहीत, हे मान्य. पण त्या नऊ राज्यांत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, झारखंड आहेत आणि दिल्लीच्या वस्त्यांमधल्या बायका मोठ्या संख्येने याच राज्यांतून येतात. अमेरिकेतही पैशाचं आणि शिक्षणाचं उत्तर अपुरं पडलं. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने 2007 ते 2016 ची आकडेवारी तपासली तेव्हा पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा गरोदरपणाशी संबंधित मृत्यूचा धोका पदवीधर गोऱ्या बाईच्या पाचपटीहून अधिक निघाला. शिक्षण वाढलं तशी दरी कमी व्हायला हवी होती, ती रुंदावली. अर्थात जपूनही बोललं पाहिजे. दलित बाई सवर्ण बाईपेक्षा साडेचौदा वर्षं आधी मरते, असं एक वाक्य सर्वत्र फिरतं. तो आकडा मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नव्हे. ज्या समाजात तरुणांची संख्या जास्त, तिथे हे सरासरी वय आपसूकच कमी येतं. बाजू भक्कम असताना कच्चा आकडा वापरला की विरोधकाला आयती पळवाट मिळते.

आता ‘कोणी जात विचारत नाही’ या मुद्द्याकडे. विचारायची गरज असते कुठे? नाव, आडनाव, बोली, पत्ता, कागद आणि सोबतच्या माणसाची ऐट एवढ्यावर सगळं कळतं. बाळ बाहेर आलं, वार पडली आणि गर्भाशय आकसलंच नाही, तर रक्त वाहत राहतं. औषध लगेच मिळालं, पाठोपाठ रक्त चढवलं तर बाई वाचते. दोन तास गेले तर हाती काही उरत नाही. नियमाप्रमाणे रक्त मोफत आहे. प्रत्यक्षात डॉक्टर चिठ्ठी लिहिते आणि ती नातेवाइकाच्या हातात पडते. रक्तपेढी कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, बदली रक्तदाता मागितला तर आणायचा कुठून, सही कोणाची राहिली, हे सगळं त्या नातेवाइकाने निस्तरायचं असतं. त्याला पाटी वाचता आली, खिडकीवरच्या माणसाशी आवाज चढवून बोलता आलं, ओळखीत कोणी वॉर्डबॉय किंवा बाबू निघाला, तर पिशवी वीस मिनिटांत येते. नवऱ्याचा त्या दिवशीचा रोज बुडालेला, सासू फक्त मैथिली किंवा सादरी बोलणारी, आणि खिडकीपुढे उभं राहायचीच भीती, अशा घरात तीच पिशवी यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. या प्रवासात कोणीही कोणाला जात विचारलेली नसते. तरी पाटी वाचणं, आवाज चढवणं आणि ओळख असणं ही तीन साधनं कोणाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली आणि कोणाच्या नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. गर्दी सगळ्यांना सारखीच छळते हे म्हणणं म्हणून टिकत नाही. जिथे टंचाई असते तिथे कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे कोणाच्या तरी मर्जीवर ठरतं, आणि मर्जी सगळ्यांवर सारखी होत नाही.

एकट्या डॉक्टरवर बोट ठेवून हा प्रश्न सुटणार नाही, ही पूर्वपक्षाची चिंता मी मान्य करतो. पण डॉक्टर ज्या वातावरणात घडतो त्याकडे पाहायला हरकत नसावी. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे दिल्लीच्या एम्समध्ये, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते का, हे पाहण्यासाठी 2006 मध्ये अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2007 मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यात वसतिगृहापासून वर्गापर्यंत भेदभाव असल्याचं नमूद झालं. सहाध्यायाशी असं वागण्याची सवय जिथे मुरते, तिथून बाहेर पडलेला माणूस वॉर्डात पाऊल ठेवताच ती सवय उंबऱ्याबाहेर सोडून येतो, असं मानायला आधार काय? उत्तर भारतात नाळ कापणं आणि बाळंतिणीचं रक्त पुसणं हे विटाळाचं काम समजून ते दलित दायांवर सोपवलं गेलं. बाळंतपण इस्पितळात आलं, तसं दाई गेली, पण विटाळाची कल्पना इस्पितळाच्या दारात गळून पडली याचा पुरावा मला दिसत नाही. ऑक्सफॅम इंडियाच्या 2021 च्या पाहणीत, इस्पितळात धर्मामुळे भेदभाव झाला असं सांगणाऱ्या मुस्लिमांचं प्रमाण सुमारे 33 टक्के होतं. अनुसूचित जाती-जमातींतही पाचातल्या एकाहून अधिक जणांनी आपल्या बाबतीत तसंच सांगितलं. ही लोकांनी स्वतः सांगितलेली गाऱ्हाणी आहेत, मोजमाप नव्हे. पण जिला मागच्या खेपेला हिडीसफिडीस झाली, ती पुढच्या खेपेला उशिरा जाते, आणि पूर्वपक्ष म्हणतो तो ‘उशिरा येण्याचा’ धोका बऱ्याचदा इथून सुरू होतो.

पूर्वपक्ष: “बरं, वागणुकीचं सोडा. पण दिल्लीने सगळ्या उत्तर भारताची बाळंतपणं करायची का? इथल्या करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या इस्पितळात निम्म्या खाटांवर गाझियाबाद, फरिदाबाद आणि बिहारमधले रुग्ण असतील, तर इथल्याच गरीब बाईला खाट कशी मिळणार? कागद मागणं हा भेदभाव नाही, तो हिशेब आहे.”

हा पूर्वपक्षातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. 4 जून 2010 रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी दोन याचिकांवर एकत्र निकाल दिला. एका याचिकेतली बाई दारिद्र्यरेषेखालची, फरिदाबादला राहणारी. पोटात बाळ मेलेलं असताना ती एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरत राहिली, कारण तिच्या कागदांवर इथल्या इस्पितळांचं समाधान होईना. पुढच्या गरोदरपणात, जानेवारी 2010 मध्ये, अपुऱ्या दिवसांचं मूल घरीच जन्माला घालून ती मेली. दुसरी बेघर होती, तिला फिट्स येत. जंगपुऱ्याच्या महापालिका प्रसूतिगृहाकडून उपचार न मिळाल्यावर ती झाडाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बाळंत झाली. न्यायालयाने सांगितलं की आरोग्याचा आणि अन्नाचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या बाईचा योजनेवरचा हक्क वाटेत हरवता कामा नये, आणि आपण गरीब आहोत हे सिद्ध करण्याचं ओझं गरिबावर टाकता येणार नाही. पहिल्या बाईच्या मृत्यूची तपासणी करायलाही सांगितलं. त्याच वर्षी कॅनॉट प्लेसजवळ शंकर मार्केटच्या फुटपाथवर एक निराधार बाई मुलीला जन्म देऊन काही दिवसांत मेली, आणि न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन निराधार गरोदर बायकांसाठी निवारे उघडायला लावले.

एवढं होऊनही कागद दारातून हलला नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये दिल्ली सरकारने गुरू तेगबहादूर इस्पितळात 80 टक्के खाटा दिल्लीच्या मतदार ओळखपत्रवाल्यांसाठी राखल्या. हे इस्पितळ शाहदऱ्याला, उत्तर प्रदेशच्या सीमेपासून जवळ आहे. उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं. जून 2020 मध्ये, करोनाच्या काळात, दिल्लीची इस्पितळं दिल्लीकरांसाठीच असा निर्णय पुन्हा झाला आणि उपराज्यपालांनी तो फिरवला. त्याच आठवड्यात, 5 जूनला, गाझियाबादच्या खोडा कॉलनीतली आठ महिन्यांची गरोदर बाई तेरा तास रुग्णवाहिकेतून नोएडा आणि गाझियाबादची आठेक इस्पितळं फिरली आणि वाटेतच गेली. खोडा एका बाजूला दिल्लीला, दुसऱ्या बाजूला नोएडाला खेटून आहे, तरी त्या दिवशी ती कोणाचीच नव्हती. जुलै 2022 मध्ये सफदरजंग इस्पितळाच्या आपत्कालीन विभागाबाहेर बायकांनी साड्यांचा आडोसा धरला आणि आत एक बाई बाळंत झाली. तिला दाखल व्हायला सांगितलं होतं, पण ती दाखल होण्याचे कागद घेऊन परत आली नाही, असं इस्पितळाचं म्हणणं होतं. खरं असेलही. पण कळा सुरू असलेल्या बाईला कागद आणायला परत पाठवणारी रीत जिथे चालते, तिथे दोष त्या बाईकडे जात नाही. या चार-पाच बायकांच्या जाती मी सांगत नाही, त्यावर माझा मुद्दा उभाही नाही. परक्या पत्त्याचा कागद आणि जन्माची ओळख दिल्लीत एकमेकांत इतकी गुंतली आहे की एकाच्या नावाने दुसरीवर दार लावता येतं, आणि ते लावणाऱ्याला आपण काही गैर केलं असं वाटतही नाही.

याचं एक उदाहरण कायद्यातच आहे. दिल्लीत अनुसूचित जमातींची यादीच नाही. झारखंडच्या गुमला किंवा सिमडेगा जिल्ह्यातून येऊन दक्षिण दिल्लीच्या घरांत धुणीभांडी करणारी उराँव किंवा मुंडा बाई दिल्लीच्या नोंदीत आदिवासी म्हणून उरतच नाही. जननी सुरक्षा योजनेत दिल्लीसारख्या ‘चांगली कामगिरी’ करणाऱ्या प्रदेशात रोख मदत फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना मिळते. शहरात ती 600 रुपये आहे. रक्कम किरकोळ आहे, पण ती मिळवण्यासाठी जी ओळख सिद्ध करायची, ती या प्रदेशात कागदोपत्री अस्तित्वातच नसेल, तर अशी बाई आकड्यांतून आणि योजनेतून एकदमच निसटते. रोहिंग्या निर्वासित बायकांचं तर बोलायलाच नको. त्यांच्या हातात भारतीय कागद असणार कुठून?

पैशाच्या हिशेबावर उत्तर आहे आणि ते फार जुनं आहे. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज दिल्लीत हीच गोष्ट एका पायरीने वर न्यायची आहे. जे इस्पितळ दाखल करून घेईल त्याच्याच अंगावर खर्च पडत असेल, तर ते बाईला टाळणारच. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचं नियोजन मंडळ 1985 च्या कायद्याने आहे. चार राज्यांच्या हद्दी ओलांडणारे रस्ते आखता येतात, दिल्ली-मेरठ जलद रेल्वे धावते, मग बाळंतपणाचा खर्च राज्याराज्यांत महिनाअखेर वळता करणं अशक्य कसं? गाझियाबादची बाई गुरू तेगबहादूर इस्पितळात बाळंत झाली तर बिल उत्तर प्रदेशकडे जावं, बाईकडे नाही. सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या दिल्लीतल्या खासगी इस्पितळांना दाखल रुग्णांच्या 10 टक्के खाटा गरिबांसाठी मोफत ठेवाव्या लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती अट उचलून धरली. त्या खाटा बाळंतिणींसाठी रात्रीच्या वेळी प्रत्यक्षात किती खुल्या असतात, हे रोज एका फलकावर दिसायला हवं.

पूर्वपक्ष: “तुम्ही दोन्ही डगरींवर पाय ठेवताय. एकीकडे म्हणता दारात ओळख विचारू नका, आणि दुसरीकडे जातीचे, धर्माचे आकडे हवेत. एकदा नोंद सुरू झाली की ती दारातही पोचेल. शिवाय आकडे आले की राजकारण होईल, आणि बायका आणखी घाबरतील.”

हा विरोधाभास नाही, वेळेचा फरक आहे. आत येणाऱ्या बाईला काही विचारू नये: ना आधार, ना रेशनकार्ड, ना मतदार ओळखपत्र, ना नवऱ्याचं नाव. कळा आणि रक्तस्राव हीच तिची पात्रता. नंतर बाई दगावली, किंवा मरता मरता वाचली, तर मात्र एकही प्रश्न गाळू नये: कुठल्या वस्तीतली, कुठल्या राज्यातली, कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, कोणती भाषा बोलणारी, किती इस्पितळं फिरली, प्रत्येक ठिकाणी काय कारण सांगून पुढे पाठवलं, रक्ताची चिठ्ठी किती वाजता लिहिली आणि पिशवी किती वाजता आली. मातामृत्यूच्या चौकशीची पद्धत आपल्याकडे 2010 पासून आहे. तिचा भर मृत्यूच्या वैद्यकीय कारणावर आणि ‘उशीर कुठे झाला’ यावर असतो. तो उशीर कोणाच्या वाट्याला जास्त येतो, हे एकेका कागदावरून कधीच दिसणार नाही. शेकडो कागद नावं काढून एकत्र मांडले तरच दिसेल. अमेरिकेत अशाच समित्यांनी 2017 ते 2019 चे मृत्यू तपासून दाखवलं की त्यांतले 80 टक्क्यांहून अधिक टाळता आले असते. नोंद दारात पोचू नये म्हणून चौकशी इस्पितळाबाहेरच्या समितीने करावी, आणि वस्तीतल्या आशाताईंना आणि बाईच्या घरच्यांना तिथे बोलू द्यावं. आज आशाताई इस्पितळाच्या दारापर्यंत बाईला पोचवतात आणि दार लागलं की बाहेरच राहतात. त्यांना काय दिसलं हे कोणी विचारत नाही. राजकारणाची भीती खरी आहे. पण आकडे नसतानाही राजकारण चालूच आहे, दिल्लीच्या खाटांवर बाहेरचे बसतात हेच राजकारण, आणि त्यालाही आकड्याचा आधार नाही.

काही गोष्टी तर पैशाशिवाय होण्यासारख्या आहेत. प्रत्येक लेबर रूममध्ये बाईच्या पसंतीची एक सोबतीण असावी, हे केंद्र सरकारच्याच धोरणात आहे. दिल्लीत ते गर्दीचं कारण सांगून टाळलं जातं. ज्या बाईला परिस्थितीने एकटं पाडलं आहे, तिच्यासाठी ही सोबत सगळ्यात मोलाची. रक्ताची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात न देता इस्पितळाच्या माणसाने न्यावी, एवढा एक बदल कुठल्या वर्गात, कुठल्या जातीत जन्मलो याचा रक्ताच्या पिशवीशी असलेला संबंध बराचसा तोडून टाकेल.

30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातीची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. तिची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. म्हणजे कोणत्या समाजाच्या किती बायका दिल्लीत आणि आसपासच्या जिल्ह्यांत राहतात, हा छेद लवकरच हाती येईल. त्याच्या वर ठेवायचा अंश, म्हणजे त्यांतल्या किती बाळंतपणात गेल्या, हा मात्र दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या चार सरकारांनी एकाच नमुन्यात नोंदवायला आजपासून सुरुवात केली तरच मिळेल. तो नमुना ठरवायला चार आरोग्य सचिवांची एक बैठक पुरेशी आहे.